त्यात मी आहे का?

'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक असतो हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि तेही स्टाफरूममध्ये चहा पिताना. मी गणिताची बाई. व्याकरणाशी माझं नातं दहावीच्या पेपराबरोबर संपलं होतं. भोईर सरांना मी सहज म्हटलं, "सर, आम्ही उद्या डोंबिवलीला नाटकाला चाललोय."

"म्हणजे मी घरी," सर म्हणाले.

"असं कुठे म्हटलं मी?"

"तुम्हीच म्हणालात की. आम्ही म्हणजे मला वगळून. आपण म्हणाला असतात, तर मी आत्ताच चपला घातल्या असत्या."

मग चहा गार होईपर्यंत त्यांनी मला समजावलं, की हिंदीत एका 'हम'वर भागतं, इंग्रजीतही एकाच शब्दात सगळे कोंबतात, पण मराठी माणसाला तोंड उघडलं की ठरवावंच लागतं, समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं. "आणि बाई," ते म्हणाले, "आपल्याला न विचारता कुणी आपल्याला आत घेतलं, तर दार कुठे आहे ते आधी बघून ठेवायचं." मी हसले आणि पेपर तपासायला घेतले. तेव्हा वाटलं, मराठीचे सर आहेत, बोलणारच.

आमची शाळा उल्हासनगरच्या कॅम्पात. मराठी माध्यम, अनुदानित, तीन मजले. एका बाजूला जीन्स शिवायचा कारखाना, दुसऱ्या बाजूला एका सिंधी शेठचं फर्निचरचं दुकान. मुलं बरीचशी विठ्ठलवाडीच्या चाळींतली. दर वर्षी एखादी तुकडी कमी व्हायची आणि दर जूनमध्ये आमच्यापैकी कोण 'अतिरिक्त' ठरणार याची कुजबुज सुरू व्हायची. अतिरिक्त म्हणजे जास्तीचा. मुलं कमी झाली की शिक्षक जास्तीचा होतो आणि सरकार त्याला कुठल्या तरी दूरच्या शाळेत पाठवतं. पंचवीस-पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं या एका शब्दाला टरकून असायची. मीही.

भोईर सर बदलापूरजवळच्या गावातले, आगरी शेतकऱ्याच्या घरातले. उंच, किंचित पोक काढून चालणारे, तोंडात कायम एक लवंग. त्यांच्या शेतावर आता सोळा मजली इमारत आहे आणि तिच्यातच सरांचा फ्लॅट. "मी आमच्या भाताच्या खाचरात राहतो, चौथ्या मजल्यावर," असं ते कुणालाही गंभीर चेहऱ्याने सांगायचे. जमिनीचं चाललं होतं तेव्हा बिल्डर घरी आला आणि सरांच्या आईला म्हणाला, "आजी, आपण इथे मस्त टॉवर उभा करू." म्हातारी तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आपुन म्हंजे कोन रं? मी हाय का त्यान?" सर म्हणायचे, "मी बी.ए. केलं, बी.एड. केलं, पण सगळं व्याकरण त्या एका वाक्यात होतं. बाकी नुसती घोकंपट्टी."

आईचा तो प्रश्न सरांच्या जिभेवरच बसला होता. कुणीही 'आपण' म्हटलं की सर विचारणार, त्यात मी आहे का? नोटीस बोर्डावर 'आपण सर्वांनी रविवारी श्रमदानाचे ठरवले आहे' असं लागलं की सरांचा लाल पेन खिशातून बाहेर यायचा आणि 'सर्वांनी'च्या खाली रेघ मारून समासात बारीक अक्षरात लिहायचा, 'कधी?' मुख्याध्यापिका चिडायच्या, पण हसून. रविवारी सर सगळ्यांत आधी घमेलं घेऊन हजर असायचे. काम करायला त्यांची ना नव्हती, फक्त आधी विचारायला हवं होतं.

वर्गात तर रोजची गंमत. आमच्या पोरांच्या तोंडी 'आपण' म्हणजे मी. नववीतली एक मुलगी होती, भारी तोंडाळ. भिंतीवर कुणीतरी बाईंचं चित्र काढलं होतं (माझंच, आणि बरं जमलं होतं). संशय हिच्यावर. ती सरांपुढे हात बांधून उभी राहिली. "सर, आपण नाय काढलं. अपुन का काम ही नहीं है."

"आपण नाही काढलं," सर म्हणाले. "मी नाही काढलं हे मला ठाऊक आहे. तुझं तू सांग."

वर्ग हसला. पोरगी गोंधळली, मग हळू आवाजात म्हणाली, "मी नाय काढलं."

"बस खाली. विषय संपला."

मी नंतर भांडले त्यांच्याशी. म्हटलं, एवढ्यावर सोडून देता? सर म्हणाले, "बाई, घोळक्यात लपून माणूस वाटेल ते बोलतो. 'मी' म्हणून खोटं बोलायला जड जातं. ती म्हणाली ना? मग मी तिच्यावर विश्वास ठेवणार." चित्र दुसऱ्याच मुलीने काढलं होतं, हे पुढे कळलं.

सर एक कादंबरी लिहीत होते. परीक्षेत उरलेल्या पुरवण्या दोऱ्याने बांधून त्यांवर. मधल्या सुट्टीत मला एकेक प्रसंग सांगायचे, कारण बाकी कुणी ऐकून घेत नसे. कादंबरीत एक शहर होतं. तिथे कुणाला मारत नाहीत, पकडून नेत नाहीत. रोज सकाळी चौकाचौकांतल्या कर्ण्यांतून विचारतात, "आपण कसे आहोत?" आणि खिडक्याखिडक्यांतून लोक म्हणतात, "आपण छान आहोत." बस, एवढंच. एका बाईचं मूल जातं. त्या सकाळी ती खिडकीत उभी राहते आणि तिला ते वाक्य म्हणायचं असतं. सगळी गल्ली तिच्या खिडकीकडे बघत असते. सर पाच वर्षं तिथेच अडकले होते.

"ती गप्प बसली, तर गल्ली तिचं काय करेल ते मला माहीत आहे," ते म्हणायचे. "पण ती म्हणाली, तर तिच्या आत काय उरेल ते मला लिहिता येत नाही. तिला वाकवायचं माझ्या जिवावर येतं."

"कसलं भयाण लिहिता हो सर. आणि असं कुठे असतं का? हुकूमशहा म्हटला की दरडावणारा हवा."

"दरडावणाऱ्याला काय घाबरायचं? तो समोर तरी असतो. जो खांद्यावर हात टाकून 'आपण' म्हणतो, त्याचं काय करणार?"

त्यानंतर साधारण वर्षभराने आमच्या संस्थेत नवं मंडळ आलं.

कार्याध्यक्ष तरुण होते. गोरे, स्वच्छ, मृदू. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. प्रत्येकाच्या वाढदिवसाला स्वतः पेढे घेऊन यायचे. पहिल्याच सभेत म्हणाले, "आपण एक कुटुंब आहोत." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, कारण मला हसू येत होतं.

मग एकेक गोष्ट येत गेली, आणि खरं सांगते, एकही गोष्ट अशी नव्हती की जिच्यासाठी भांडावं. सकाळी प्रार्थनेनंतर शिक्षकांनी उभं राहून संकल्प म्हणायचा. ठीक आहे, दोन मिनिटांचं काम. मग रोज सकाळी सगळ्यांचा एकत्र फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, चेहरे हसरे हवेत. मग सहमती वही आली. कुठलाही निर्णय वहीत लिहून यायचा, 'आपण सर्वांनी एकमताने ठरवले आहे की', आणि खाली सह्यांचा रकाना. नाही म्हणायला रकानाच नव्हता. मग स्टाफरूममधली खासगी बोलणी नकारात्मकता पसरवतात असं आपण सर्वांनी एकमताने ठरवलं, आणि मधली सुट्टी सगळ्यांची वेगवेगळ्या वेळी झाली.

माझं काय झालं ते सांगितल्याशिवाय सरांचं सांगायचा मला हक्क नाही. एका सकाळी फोटोच्या आधी मला फोन आला, माझे थोरले दीर गेले होते. मी फोन पर्समध्ये टाकला, रांगेत उभी राहिले, हसले, फोटो झाला, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आधी फोटो, मग रडणं. ग्रुपवर तो फोटो आला तेव्हा मी पाहिलं, त्या दिवशी मी सगळ्यांत छान हसले होते. यात काही चुकलं असं ना कुणाला वाटलं, ना मला.

सर वहीत सही करायचे आणि शेजारी लिहायचे, 'यात मी नाही'. प्रत्येक वेळी. सुंदर अक्षरात, पूर्णविरामासकट. त्यांना कुणी काही बोललं नाही. जूनमध्ये वेळापत्रक लागलं तेव्हा त्यांच्या नावापुढे एकही तास नव्हता. दहावीचं मराठी दुसऱ्या बाईंना दिलं होतं. सरांनी ग्रंथालयात बसायचं होतं, आणि ग्रंथालयात मुलांनी येण्याचा तास ठेवलेला नव्हता. पगार नियमित. अपमान नाही. कार्याध्यक्ष भेटले की वाकून नमस्कार करायचे.

असं एक वर्ष गेलं. मला कुणी सांगितलं नव्हतं की सरांशी बोलू नका. शपथेवर सांगते, कुणीही नाही. तरी मी ग्रंथालयाकडचा जिना सोडून लांबच्या जिन्याने जायला लागले. सर आत एकटेच डबा उघडून बसलेले असायचे. लवंग बंद झाली होती. एकदा दारात आमनेसामने आलो तर म्हणाले, "बाई, आज माझा आवाज कसा येतोय? दोन दिवस वापरला नाही." मी म्हटलं, छान येतोय, आणि तास आहे म्हणून निघाले. मला तास नव्हता. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

आता मंदाताईंचं. मंदाताई आमच्या शाळेत सेविका होत्या. कंत्राटी, पण पंधरा वर्षं. घंटा त्याच द्यायच्या, मुलींच्या पोटात दुखलं तर गरम पाणी त्याच द्यायच्या. त्यांचा नवरा अंबरनाथच्या कारखान्यात होता, तो अचानक गेला. चौदा दिवसांनी ताई कामावर आल्या आणि सकाळच्या फोटोत हसल्या नाहीत. महिना झाला, दोन महिने झाले, हसेनात. मुख्याध्यापिकांनी समजावलं, "अगं, नुसतं दात दाखव." ताई म्हणाल्या, "मॅडम, येत नाय हो. वढून आणलं तर रडू येतं." फोटोत त्या एकट्याच तशा दिसायच्या, आणि फोटो वर मंडळाकडे जायचा.

एका दुपारी कार्याध्यक्ष ग्रंथालयात गेले. सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, आपलं खूप चुकलं. दहावीला आपल्याला तुमची गरज आहे. उद्यापासून वर्ग तुमचा." सर उठून उभे राहिले. जाता जाता कार्याध्यक्षांनी एक कागद टेबलावर ठेवला. "कार्यालयाने लिहिलंय, मराठी अगदीच कच्चं आहे. तेवढी नजर टाका. मग सगळ्यांच्या सह्या घेऊ."

मंदाताईंबद्दलचं पत्र होतं ते. त्यांच्या वागण्याने शाळेचं वातावरण बिघडतं, तरी त्यांना कमी करावं, असं शिक्षकांनी मंडळाला लिहिलेलं. शिक्षकांना ते तोवर माहीतही नव्हतं.

सरांनी तो कागद दुरुस्त केला. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सगळं. दुसऱ्या दिवशी सह्यांसाठी आला तेव्हा त्यात एक चूक नव्हती. माझी सही तिसरी आहे. कशाबद्दल आहे ते कानावर आलं होतं, पण मी वाचलंच नाही, वाचलं असतं तरी केली असती. शेवटी कागद सरांपुढे आला. दहावीचा वर्ग घेऊन आले होते, हाताला खडू होता. आम्ही सगळे बघत होतो. वर्षभर त्यांच्याकडे न बघितलेले आम्ही सगळे, त्या क्षणी मनातून एकच मागत होतो, की या माणसाने तरी नाही म्हणावं. आमच्या वतीने. म्हणजे आम्हाला घरी जाऊन बरं वाटेल. किती स्वस्तात हवं होतं आम्हाला.

सरांनी सही केली. शेजारी काही लिहिलं नाही.

संध्याकाळी गेटबाहेर मी त्यांना गाठलं. मी काही विचारायच्या आधीच ते भराभर बोलायला लागले. "बाई, तुम्ही वाक्य नीट बघितलंत का? 'मंदाताईंच्या वागण्याने आपणा सर्वांना त्रास होतो.' पत्र मंडळाला आहे ना? मग आपणा सर्वांना म्हणजे तुम्हा सर्वांना. आदरार्थी. 'आपणांस कळविण्यात येते' म्हणतो ना, तसं. मंडळाला त्रास होतो, असा अर्थ निघतो. त्यात मी नाही. तो अर्थ धरून मी सही केली."

ते माझ्याकडे आशेने बघत होते. मी गणिताची बाई, मला त्यांनी शिकवलेलं होतं तेवढंच येत होतं, आणि तेवढ्यावरून कळत होतं की अर्थ बरोबर निघतो. व्याकरण चोख होतं. मला भयंकर वाईट वाटलं. मी म्हटलं, "आणि कादंबरी, सर?"

"संपवली. ती बाई म्हणते ते वाक्य," ते म्हणाले. "म्हटल्यावर काही होत नाही तिला. मी उगाच घाबरत होतो."

शनिवारी मंदाताईंना निरोप मिळाला. त्यांनी घंटेची हातोडी कार्यालयात जमा केली, पत्राची प्रत मागून घेतली आणि सरळ दहावीच्या वर्गात गेल्या. मी शेजारच्या वर्गात होते, मधे नुसतं लाकडी पार्टिशन. ताईंना वाचायला जमायचं, पण हळूहळू.

"सर," त्या म्हणाल्या, "बाकीच्यांचं सोडा. ह्यात तुम्ही हाय का?"

वर्गात साठ मुलं होती. हा प्रश्न सरांनी आयुष्यभर इतरांना विचारला होता, मुलांना तो तोंडपाठ होता. मला वाटलं, आता सांगतील. आदरार्थीचं तरी सांगतील. तिला कळो न कळो.

"मंदाताई," सर म्हणाले, "आपण सगळेच आहोत ना त्यात."

ताई "बरं" म्हणाल्या. मग मुलांना म्हणाल्या, "पोरांनो, बाटलीतलं पाणी टाकून देऊ नका, आज टाकी भरलेली नाय." आणि गेल्या.

त्यानंतर सर निवृत्तीपर्यंत दहावीला शिकवत राहिले. निकाल उत्तम लागायचा. संकल्प म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांत खणखणीत असायचा, फोटोत हसायचेही. 'आम्ही' आणि 'आपण'चा धडा मात्र त्यांनी पुन्हा घेतला नाही. एका मुलीने मुद्दाम विचारलं तर म्हणाले, परीक्षेला नाही तो. मंदाताई आता कुठे असतात मला माहीत नाही. माहीत करून घेतलं नाही, हे जास्त खरं.

गेल्या महिन्यात सर मला कॅम्पातच दिसले. आता मीही निवृत्त झालेय. पेन्शनच्या कागदाला शाळेचा शिक्का हवा म्हणून आले होते म्हणे. वाळले होते. शर्ट खांद्यांवरून उतरत होता. सकाळची नऊची वेळ, मी त्यांना कोपऱ्यावरच्या दाल-पकवानच्या दुकानात घेऊन गेले. तिथले म्हातारे सिंधी काका आम्हा दोघांना ओळखत होते. फडक्याने टेबल पुसत म्हणाले, "बोलो साईं, क्या लगाऊं?"

सरांनी भिंतीवरची पाटी वाचली. वरून खाली, सगळी, सावकाश. मग पुन्हा वरपासून. काका उभे होते, मागे दोन गिऱ्हाइकं थांबली होती. अभ्यास न केलेलं पोर फळ्याकडे बघतं तसे सर त्या पाटीकडे बघत होते.

"सर, तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "काय घ्यायचं असतं इथे?"

मी बोटांनी दोन दाखवलं, काकांनी दोन दाल-पकवान आणून ठेवले. सर खायला लागले. मी काहीबाही बोलत होते, ते मान हलवत होते. मोठं तळलेलं पकवान, वर डाळ, चटणी, कांदा. त्यांनी एकेक तुकडा मोडून खाल्ला, ताटलीत कण ठेवला नाही. "छान होतं," म्हणाले. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं.

संध्याकाळी भोईर वहिनींचा फोन आला. आवाज घाबरलेला. "बाई, आज सकाळी हे तुमच्याबरोबर होते ना? काय खाल्लं हो यांनी? दुपारपासून नुसतं ओकतायत."

मी सांगितलं.

"अहो, दोन महिन्यांपूर्वी पित्ताशय काढलंय त्यांचं. तळलेल्याला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. तुम्हाला बोलले नाहीत का?"

"नाही, वहिनी."

"मी पण तेच विचारलं, की माहीत असून खाल्लंत कशाला, नको म्हणायचं. तर म्हणतात, पुढ्यात आलं होतं."